गाण्याचा किंवा पियानोचा खासगी शिक्षक शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पियानो शिकवते. त्याआधी बरीच वर्षं शिकत होते, आणि त्या वर्षांत पियानोचे तीन अन् गाण्याचे दोन शिक्षक झाले. त्यांतले दोन निवडताना मी सपशेल चुकले. आता लोक चौकशीला फोन करतात तेव्हा फीच्या पाठोपाठ जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझ्याकडे जागा नसते तेव्हाही मी हीच उत्तरं देते.

शोध सुरू कुठून करायचा?

पियानो ट्यून करणाऱ्या माणसापासून. हे फारसं कुणाला सुचत नाही, पण शिक्षकांची खरी खबर त्याच्याकडे असते. तो घरोघरचे पियानो उघडून पाहतो. जिथे रोज वाजवलं जातं तिथे आतल्या हातोड्यांच्या फेल्टवर तारांचे चर पडलेले असतात. जिथे शिकवणी नुसती नावाला चालू आहे तिथे फेल्ट कोरं असतं आणि झाकणावर फुलदाणी असते. कुणाकडे शिकणारी मुलं खरंच घरी वाजवतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

गाण्याच्या बाबतीत हीच माहिती साथीदारांकडे मिळते. गायकांना पियानोची साथ करणारा माणूस दुसऱ्यांच्या शिकवण्या ऐकत आठवडेच्या आठवडे काढतो. वृंदगान बसवणाऱ्यांनाही विचारा. नवा गायक आला की त्याच्या गळ्यावर कुणी आणि कसं काम केलंय, ते त्यांना दोन ओळींत कळतं.

संघटनांच्या याद्याही आहेत. अमेरिकेत म्युझिक टीचर्स नॅशनल असोसिएशन १८७६ पासून आणि गायनशिक्षकांची नॅशनल असोसिएशन ऑफ टीचर्स ऑफ सिंगिंग १९४४ पासून आहे. ब्रिटनमध्ये इनकॉर्पोरेटेड सोसायटी ऑफ म्युझिशियन्स १८८२ ची, तर युरोपातल्या पियानोशिक्षकांची ‘एप्टा’ १९७८ ची. यादीत नाव असलं की एवढं कळतं की हा माणूस हे काम पेशा म्हणून करतो. शिकवतो कसा, ते यादीवरून कळत नाही.

ते कळायला त्या शिक्षकाच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम गाठा. सगळ्यात हुशार मुलाकडे पाहू नका, तो कुणाकडेही गेला असता तरी त्याने चांगलंच वाजवलं असतं. मधल्या फळीतलं मूल पाहा. ते अडखळल्यावर काय करतं? पुढे निभावून नेतं, की थांबून धास्तावल्यासारखं शिक्षकाकडे बघतं? आणि त्या क्षणी शिक्षकाचा चेहरा कसा असतो?

पदवी किंवा परवाना असलेलाच शिक्षक हवा का?

खासगी संगीतशिक्षक म्हणवून घ्यायला बहुतेक ठिकाणी कसलाच परवाना लागत नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतो. त्यामुळे पदवीला किंमत आहे: निदान या माणसाने काही वर्षं कुणाच्या तरी हाताखाली घालवली, संगीताचं शास्त्र वाचलं, परीक्षकांसमोर उभा राहिला, एवढी खात्री पटते. मात्र पदवी कशाची आहे ते विचारा. वादनाची पदवी आणि शिकवण्याची पदविका या वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी नसलेले उत्तम शिक्षक मी पाहिले आहेत. त्या सगळ्यांकडे पदवीऐवजी दाखवायला विद्यार्थी होते.

नावाजलेला कलाकार शिकवायला तयार आहे. यापेक्षा चांगलं काय असणार?

कदाचित बरंच काही. कार्ल चेर्नी हा बेथोवेनचा शिष्य. त्याने जाहीर मैफली फारशा केल्याच नाहीत, आयुष्य शिकवण्यात घालवलं. उमेदीच्या काळात तो दिवसाला दहा-बारा तास शिकवत असे. त्याच्याकडे छोट्या फ्रान्झ लिस्टला (पुढचा विख्यात पियानोवादक) आणलं तेव्हा पोरगं अचाट वाजवत होतं, पण बेताल आणि मन मानेल तशी बोटं टाकत. चेर्नीने त्याला सगळी स्केल्स (ओळीने चढत-उतरत जाणारे सूर) पहिल्यापासून घोटायला लावली. लिस्टला ते मुळीच आवडलं नव्हतं. पुढे त्याच हातांनी युरोप वेडा केला. आणि या शिकवणीची फी चेर्नीने घेतली नाही, हेही सांगायला हवं.

ज्याला वाजवणं सहज जमलं त्याला ते जमतं कसं, हे पुष्कळदा सांगता येत नाही. ‘असं वाजव’ म्हणून तो वाजवून दाखवतो, तुम्ही टाळ्या वाजवता, तास संपतो. मी स्वतः असं एक वर्ष काढलं. मैफलीचं तिकीट मला रोज फुकट मिळत होतं, एवढंच म्हणायचं. उलट एखादी गोष्ट स्वतः झगडून मिळवलेला शिक्षक तुमची चौथ्या बोटाची अडचण लांबूनच ओळखतो, कारण ती त्याने भोगलेली असते.

तुमची तयारी बरीच पुढे गेली असेल तेव्हा मोठ्या कलाकाराकडे जरूर जा. तोवर थांबा.

पहिल्या, चाचणीच्या तासात नेमकं काय पाहायचं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे जरा रेंगाळते.

माझ्या पहिल्या शिक्षकांकडे मी संगीतकार बाखच्या घरातल्या १७२५ च्या वहीतलं ते प्रसिद्ध जी मेजर मिन्युएट (जुन्या नाचाच्या चालीची छोटी रचना) शिकत होते. (शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी ते वाजवतोच. वर्षानुवर्षं ते बाखचं समजलं जायचं, आता ते पेट्झोल्ड या दुसऱ्या संगीतकाराचं आहे हे माहीत आहे.) तिसऱ्या बारच्या (मात्रांच्या तिसऱ्या गटाच्या) शेवटी एफ शार्प येतो, म्हणजे साध्या एफला लागून असलेली वरची काळी पट्टी. मी तिथे साधा एफ वाजवत होते. चार महिने. शिक्षक शेजारी बसलेले असत, मान हलवत असत, अधूनमधून ‘छान’ म्हणत. चूक माझी होती, पण ती ऐकणारं त्या खोलीत कुणी नव्हतं.

तिसऱ्या शिक्षिकेकडे चाचणीसाठी गेले तेव्हा हेच वाजवलं. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, ‘आता फक्त उजव्या हाताचं गाऊन दाखव, वाजवू नकोस.’ गायला लागले आणि तिसऱ्या बारमध्ये गळा आपोआप एफ शार्पवर गेला. मी थांबले. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं पेन्सिलीने त्या सुराभोवती वर्तुळ केलं. पन्नास मिनिटांच्या तासात त्या सगळ्या मिळून दहा मिनिटं बोलल्या असतील. त्यांच्याकडे मी सात वर्षं शिकले.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते: शिक्षक किती बोलतो यापेक्षा तो किती ऐकतो ते मोजा. तुम्ही वाजवत किंवा गात असताना त्याची नजर कुठे आहे? पुस्तकात, फोनमध्ये, की तुमच्या मनगटावर, खांद्यावर, जबड्यावर? त्याने सांगितलेली सुधारणा नेमकी आहे का? ‘जरा भावना घाल’ ही सुधारणा होत नाही. ‘इथे तुझा अंगठा उशिरा खालून सरकतोय, म्हणून पुढचा सूर जोरात पडतो’ ही सुधारणा झाली. आणि सांगून झाल्यावर तो तुम्हाला ते पुन्हा करायला लावतो का, की पुढच्या मुद्द्यावर उडी मारतो?

एक साधी कसोटी आहे. घरी गेल्यावर उद्या सकाळी नेमकं काय करायचं, ते तुम्हाला एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर तास कितीही रंगला असला तरी शिकवणी झालेली नाही.

चाचणीचा तास फुकट असावा असा आग्रह धरू नका. चांगल्या शिक्षकाची त्या तासात नेहमीपेक्षा जास्त मेहनत होते.

त्यांना काय काय विचारू?

थोडंच विचारा, पण मोघम नको. माझ्यासारखे, म्हणजे माझ्या वयाचे आणि माझ्या पातळीचे, किती विद्यार्थी सध्या आहेत? एखादा विद्यार्थी आठवडाभर काहीच न करता आला तर तास कसा घेता? शेवटचं कोण सोडून गेलं, आणि का? या तिसऱ्या प्रश्नावर माणूस बावरतो, पण उत्तर ऐकण्यासारखं असतं. गेलेल्या प्रत्येकात ज्याला फक्त आळसच दिसतो, त्याच्या लेखी उद्या तुम्हीही आळशीच ठरणार.

ग्रेडच्या परीक्षा घेणारा शिक्षक बरा की न घेणारा?

आधी परीक्षा असते कशी ते पाहू. एबीआरएसएम ही ब्रिटिश परीक्षासंस्था १८८९ मध्ये सुरू झाली. तिच्या १ ते ८ ग्रेड असतात आणि त्यांच्या आधी एक ‘इनिशियल’. पियानोच्या नेहमीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तीन रचना (प्रत्येकी ३० गुण), स्केल्स आणि आर्पेजिओ, म्हणजे मधले सूर सोडत चढणं-उतरणं (२१), न पाहिलेलं नोटेशन तिथल्या तिथे वाजवणं (२१) आणि कानाची परीक्षा (१८), असे १५० गुण असतात. १०० ला पास, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. सहाव्या ग्रेडच्या आधी पाचव्या ग्रेडची थिअरी (संगीताच्या शास्त्राची परीक्षा) किंवा तिच्या बदली चालणारी परीक्षा द्यावी लागते. बरेच विद्यार्थी इथे येऊन अडतात, कारण थिअरीकडे तोवर कुणी पाहिलेलंच नसतं. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि कॅनडाची रॉयल कन्झर्व्हेटरी यांच्याही अशाच चढत्या पायऱ्या आहेत.

पायऱ्या असल्या की कुठे पोहोचलो ते कळतं, तारीख ठरली की हात चालतात. माझी परीक्षेला हरकत नाही. हरकत आहे ती ‘वर्षाला तीन रचना’ या रोगाला. मूल निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून पुढच्या ग्रेडच्या तीन रचना घोटायला लागतं आणि बारा महिने तेवढंच वाजवतं. पाचवी ग्रेड पास झालेली मुलगी एकदा माझ्याकडे आली. तिच्यासमोर दुसऱ्या ग्रेडचं अनोळखी पान ठेवलं, तर तिला पहिली ओळ वाचता येईना. तीन रचना मात्र डोळे मिटून वाजवत होती.

म्हणून शिक्षकाला विचारा: परीक्षेच्या रचना सोडून वर्षभरात विद्यार्थी आणखी किती वाजवतात? उत्तर ‘वेळच मिळत नाही’ असं आलं तर दुसरीकडे चौकशी करा.

मुलाला कितव्या वर्षी घालावं?

पियानोसाठी पाच ते सात या वयात बहुतेक मुलं तयार असतात. वयापेक्षा मी तीन गोष्टी पाहते: वीस मिनिटं एका जागी बसवतं का, डावं-उजवं कळतं का, आणि एकेक बोट वेगळं हलवता येतं का. शिवाय लहान मुलाच्या शिकवणीत घरचं एक मोठं माणूसही शिकत असतं. आठवड्यातला एक तास शिक्षकाचा, उरलेले सहा दिवस त्याला बाकावर कोण बसवणार? शिनिची सुझुकी यांनी व्हायोलिनसाठी बसवलेल्या पद्धतीत तर पालकाने तासाला बसणं हा पायाच आहे.

गाण्याचं थोडं निराळं. लहान मुलांनी भरपूर गावं, सुरात गावं, पण मोठ्यांसारखा आवाज काढायला लावणारा शिक्षक टाळा. स्पर्धेसाठी आठ वर्षांच्या पोराला छातीतून ओरडून गायला लावतात, ते ऐकताना माझाच घसा दुखतो. मुलग्यांचा आवाज फुटतो त्या काळात तर जाणता शिक्षक पल्ला कमी करतो, सूर बदलून घेतो, वेळ पडली तर काही दिवस फक्त कान आणि लय यांवर काम करतो. ‘आवाज फुटतोय, वर्षभर येऊ नको’ असं सांगण्याचीही गरज नसते.

मी चाळिशी ओलांडली आहे. माझ्यासारख्याला कुणी घेईल का?

घेतील. प्रौढांना शिकवणं ही मात्र वेगळी हातोटी आहे, म्हणून प्रौढ विद्यार्थी असलेला शिक्षकच शोधा. मोठ्या माणसाला सगळं समजतं लवकर, बोटं मात्र त्यांच्या गतीनेच चालतात, आणि या दोहोंतल्या अंतरात तो स्वतःवर चिडतो. त्या चिडण्याची सवय असलेला शिक्षक हवा. लहान मुलांच्या पुस्तकातली बदकं आणि ससे तुमच्यासमोर ठेवणारा नको.

‘मला सूरच कळत नाही’ म्हणणारेही याच वयात भेटतात. खरोखर सूर न ओळखणारी माणसं अगदी थोडी असतात. बाकीच्यांना लहानपणी कुणीतरी ‘तू गाऊ नकोस’ म्हटलेलं असतं.

घरी पियानो नाही. कीबोर्डवर सुरुवात केली तर शिक्षक नाही म्हणतील का?

काही म्हणतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. पियानोला ८८ पट्ट्या असतात. पट्टी दाबली की आतला हातोडा उडून तारेवर आपटतो, आणि दाब कसा दिला त्यावर सूर कोवळा की कडक हे ठरतं. ६१ हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर हे वजनच बोटांना कळत नाही. वर्षभर त्यावर वाजवून आलेला विद्यार्थी खऱ्या पियानोवर बसला की त्याचे निम्मे सूर उमटतच नाहीत.

मधला मार्ग आहे. ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो, खरं पेडल आणि उंची बदलता येणारा बाक. कोपर पट्ट्यांच्या पातळीला आलं पाहिजे. बाक ही चैन समजू नका, जेवणाच्या खुर्चीवर बसून शिकलेल्यांची मनगटं मी ओळखू शकते. पहिली काही वर्षं एवढ्यावर उत्तम निघतात. तारांचा पियानो घेतलात तर वर्षातून एकदा-दोनदा तो ट्यून करावा लागेल. आत सव्वादोनशेच्या वर तारा ताणलेल्या असतात आणि हवा बदलली की त्या हलतात. तेव्हा पहिल्या उत्तरातल्या त्या माणसाशी ओळख होईलच.

गाण्याचा शिक्षक निवडताना जास्त काळजी घ्यायची का?

हो. पियानो बिघडला तर दुरुस्त होतो, दुसरा आणता येतो. गळा एकच असतो आणि तो दिसत नाही. गायनशिक्षक शतकानुशतकं न दिसणाऱ्या वाद्यावर काम करत आले. मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये दातांच्या डॉक्टरांचा असतो तसा छोटा आरसा घशात धरून, सूर्याचा उजेड त्यावर पाडून, स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. आजचे घशाचे डॉक्टर वापरतात त्या आरशाच्या तपासणीची सुरुवात अशी एका गाण्याच्या मास्तराने केली.

याच गार्सियाकडे १८४१ मध्ये जेनी लिंड ही गायिका आली. स्वीडनच्या रंगभूमीवर नाव झालेलं, वय वीस-एकवीस, आणि आवाज थकून फाटलेला. त्याने तिला लगेच शिकवायला घेतलं नाही, आधी पूर्ण विश्रांती घ्यायला लावली. मग पायापासून सुरुवात केली. पुढे ती युरोप-अमेरिकेत गाजली. शिक्षक शोधणाऱ्या प्रत्येक गायकाला मी ही हकिगत सांगते, कारण आजही ‘आज गाऊ नकोस’ म्हणू शकणारा शिक्षक दुर्मीळ आहे. तास बुडाला तर फी बुडते ना.

पियानोच्या मधल्या सप्तकातला ए हा सूर म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं. तुम्ही तो सूर धरता तेव्हा स्वरतंतू सेकंदाला ४४० वेळा एकमेकांना भिडतात. यावरून अंदाज घ्या की चुकीच्या जोराने तासभर गायलं तर काय होत असेल.

तेव्हा या खुणा दिसल्या की सावध व्हा. गाताना दुखतंय म्हटल्यावर ‘दुखणारच, गळा तयार होतोय’ असं उत्तर येतं. तासानंतर दरवेळी आवाज बसतो. महिन्याभरात दोन सप्तकं वाढवून देण्याची हमी मिळते. ‘डायफ्रॅमने गा’ यापलीकडे श्वासाबद्दल काही सांगितलं जात नाही (डायफ्रॅम हा श्वास आत घेण्याचा स्नायू, तो थेट जाणवत नाही, चांगला शिक्षक बरगड्या, पोट, पाठ यांच्याबद्दल बोलतो). थकवा वेगळा, दुखणं वेगळं. तासानंतर गळा जरा दमल्यासारखा वाटला आणि सकाळी ताजा झाला, तर ठीक. आवाजातला घोगरेपणा तीन-चार आठवडे गेला नाही तर शिक्षकाला विचारत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. जो शिक्षक स्वतःहून तिकडे पाठवतो त्याला सोडू नका.

मला सिनेमाची गाणी गायची आहेत. शास्त्रीय शिकवणाऱ्याकडे जाऊ का?

श्वास, सूर, लय कुणाकडेही शिकता येईल, आवाज लावण्याची पद्धत मात्र शैलीगणिक बदलते. ऑपेरा गायक मायक्रोफोनशिवाय वाद्यवृंदाच्या वर ऐकू येतो, कारण त्याच्या तालमीतून आवाजात ३००० हर्ट्झच्या (सेकंदाला ३००० कंपनांच्या) आसपासची धार आलेली असते, आणि तिथे वाद्यवृंदाचा जोर कमी असतो. मायक्रोफोनवर कुजबुजल्यासारखं गाणाऱ्याला त्या धारेचा उपयोग नाही, उलट ती खटकते. ख्याल गाणाऱ्याची आवाजाची लावणी आणखी तिसरीच. ‘शास्त्रीय आलं की सगळं येतं’ हे वाक्य मला अर्धंच पटतं. ज्या प्रकारचं गाणं गायचंय ते उत्तम गाणारे विद्यार्थी ज्याच्याकडे आहेत, त्याच्याकडे जा. इतकं सोपं आहे ते.

गाणं आणि पियानो दोन्ही एकाकडेच शिकता येईल का?

सुरुवातीला येईल. वर्ष-दोन वर्षांत कळेल की त्या शिक्षकाची एक बाजू जड आहे. तेव्हा दुसऱ्या बाजूसाठी वेगळा शिक्षक पाहा. गाणाऱ्याला कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) धरण्यापुरता पियानो आला तर फार कामाला येतो, आणि पियानो वाजवणाऱ्याने गायलंच पाहिजे, त्याबद्दल वर एफ शार्पची गोष्ट सांगितलीच आहे.

ऑनलाइन शिकवणी कितपत चालते?

दूरच्या चांगल्या शिक्षकाकडे ऑनलाइन शिकणं हे जवळच्या वाईट शिक्षकापेक्षा बरं. मर्यादा मात्र माहीत असू द्या. आवाज पलीकडे पोहोचायला लागणारा वेळ थोडा वाटला तरी संगीताला फार असतो. वीस-तीस मिलिसेकंदांच्या पुढे उशीर गेला की दोघांना एकत्र वाजवता येत नाही, आणि नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये तो त्याहून कितीतरी जास्त असतो. म्हणजे शिक्षक साथ देऊ शकत नाही. त्यावर उपाय म्हणून तो साथ ध्वनिमुद्रित करून आधी पाठवतो, तुम्ही ती आपल्या बाजूला लावून गाता.

दुसरी अडचण गमतीची आहे. कॉलची ॲप्स बोलण्यासाठी बनवलेली असतात, त्यामुळे लांबवलेला सूर त्यांना पंख्याचा आवाज वाटतो आणि ती तो पुसून टाकतात. सेटिंगमध्ये आवाज ‘स्वच्छ’ करण्याची सोय बंद करा. पियानोसाठी कॅमेरा बाजूने, जरा उंचावर, दोन्ही हात आणि कोपरं दिसतील असा ठेवा. नुसता चेहरा दाखवून पियानो शिकणारे भेटतात. त्यांची बोटं काय करत असतील, ते देव जाणे.

अगदी नवख्या लहान मुलासाठी मी अजून तरी समोरासमोरच सुचवते. मनगट सैल म्हणजे किती सैल, हे शब्दांत सांगता येत नाही.

तास किती वेळाचा, आठवड्यातून कितीदा?

लहान मुलांना अर्धा तास, थोडं पुढे गेल्यावर पाऊण, मोठ्यांना पाऊण ते एक. आठवड्यातून एकदा. पंधरा दिवसांतून एकदा घेऊन पैसे वाचवायचा विचार असेल तर नवशिक्यांनी तो करू नये. चुकीचं बोट चौदा दिवस घोटलं की काढायला महिना लागतो. ज्यांना स्वतःचं ऐकता येतं त्यांना चालेल.

तास चुकला तरी फी का द्यायची?

कारण तुमची वेळ तुमच्यासाठी राखलेली होती. मंगळवारी साडेपाचची जागा मंगळवारी पाच वाजता कुणाला देणार? बहुतेक शिक्षक एक दिवस आधी कळवल्यास तास बदलून देतात, त्यानंतर नाही. यावरून होणारी भांडणं मी इतकी पाहिली आहेत की एकच सांगेन, सगळं आधी लेखी घ्या: रद्द करण्याचे नियम, शिक्षक स्वतः आजारी पडला तर काय, सुट्ट्या, पुस्तकांचा आणि परीक्षेचा खर्च, सोडायचं असेल तर किती आधी सांगायचं. अर्धं पान पुरतं. कागद मागितल्यावर ज्याला राग येतो तिथे पुढे जाऊ नका.

मूल शिक्षकाच्या घरी एकटं जाणार. काय पाहावं?

तासाला बसण्याची परवानगी पालकाला हवी, कायमची आणि न विचारता. दार उघडं असावं किंवा खोली बाहेरून दिसेल अशी असावी. हात किंवा खांदा धरून दाखवायची वेळ येते. चांगला शिक्षक आधी विचारतो, ‘मनगटाला हात लावू का?’ आणि शक्य तिथे स्वतःच्या हातावर दाखवतो. तुमच्या देशात मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी पोलीस पडताळणी होत असेल तर तिचा कागद मागा. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही, मला पालकांनी मागितला तेव्हा बरंच वाटलं. ‘पालक बसले की मुलं बिघडतात’ हे मीही मानते, पण तो निर्णय पालकाने घ्यायचा, शिक्षकाने दार लावून नाही.

शिक्षक योग्य आहे की नाही, हे किती दिवसांत कळतं?

सहा ते आठ तासांत. पहिल्या दिवशी फोनवर दोन मिनिटं मुद्रित करून ठेवा, आठव्या तासानंतर तीच रचना किंवा तेच गाणं पुन्हा मुद्रित करा. फरक ऐकू आला पाहिजे. प्रगती झाली नसेल तर आधी स्वतःला विचारा की घरी किती वेळ बसलात; प्रामाणिक उत्तर ‘रोज’ असेल तरच शिक्षकाला दोष द्या.

शिक्षक बदलायचा आहे. वाईट न वाटता कसं सांगू?

वाईट थोडं वाटणारच. गायब मात्र होऊ नका. महिनाभर रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायची वेळ माझ्यावरही आली आहे. प्रत्यक्ष सांगायला जड जात असेल तर लिहून पाठवा. माझ्या एका विद्यार्थ्याने पाठवलेला निरोप मी जपून ठेवला आहे, साधारण असा: ‘मॅडम, या महिन्याअखेर मी तास थांबवतोय. मला जॅझकडे जायचं आहे आणि त्यासाठी दुसरे शिक्षक पाहिले आहेत. तुमच्याकडे वाचायला शिकलो, ते त्यांनीही पहिल्याच दिवशी ओळखलं. शेवटच्या तासाला तुमचं पुस्तक घेऊन येतो.’

कारण द्यायलाच हवं असं नाही. पण कळवा मुदतीत, उरलेली फी चुकती करा, आणि निघताना दोन गोष्टी मागून घ्या: आतापर्यंत काय काय वाजवलं किंवा गायलं त्याची यादी, आणि पुढच्या शिक्षकाने सगळ्यात आधी कशाकडे लक्ष द्यावं याबद्दल दोन ओळी. नव्या शिक्षकाचा पहिला महिना त्यामुळे वाचतो. त्या विद्यार्थ्यासाठी मी लिहून दिलं होतं, ‘डावा हात लाजाळू आहे. पेडल आधी काढून घ्या.’ पुस्तक त्याने खरंच परत आणलं, तिसऱ्या पानावर त्याने काढलेल्या मिशांसकट.